उचलून आणणे

"वैनी, तुमी येता, च्या पिता आन् माझं डोकं खाऊन जाता. ह्या बारीला नुस्ता च्या प्या," बाळासो म्हणाला आणि त्यानं सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरली.

लीलाबाई दुकानापुढच्या उपड्या खोक्यावर टेकल्या होत्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं, चहा बशीत ओतला आणि निवांत फुंकर घातली. बोरवाडी फाट्यावरच्या लिंबाखाली त्यांच्या धाकट्या दिराचं हे दुकान. वर एक पत्रा, आडव्या बांबूला टांगलेले जुने टायर, बाजूला हवा भरायचा पंप. पलूसच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या आणि त्यांच्या धुरळ्यानं लिंबाचा अर्धा पाला पांढरा पडला होता.

"डोकं हाय म्हनून खाते," लीलाबाई म्हणाल्या. "रविवारी कापणीचा सण हाय. नव्या पाळकसाहेबांनी सांगितलंय, ज्यांनी देवळात यायचं सोडलंय त्यांना ह्या सणाला परत आणायचं. एकेकानं एकेकाला."

"आन् तुमच्या वाटणीला मी आलो."

"मागून घेतला तुला."

"त्यापरास लालासाहेबाला न्या की. दिवसा पितोय, संध्याकाळी गटारीकडंला झोपतोय. देवाला बी काम लागंल जरा." बाळासो हसला. ट्यूबमधून बुडबुडे आले, त्या जागी त्यानं काडीनं खूण केली. मग हसू ओसरलं तसा हळू म्हणाला, "माझं देवासंगं भांडान न्हाई, वैनी. दुकान उघडताना रोज प्रार्थना करतो. दादाची पदं अजून तोंडपाठ हायती."

"मग आडतंय कुठं? समदी म्हनत्यात, दार उघडंच हाय."

"असंल की उघडं. मला वाट बी ठावं हाय." त्यानं ट्यूब फडक्यानं कोरडी केली, पुन्हा पुन्हा केली. "पाय उचलत न्हाई बघा. एवढंच हाय."

लीलाबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. त्यांनी कपबशी विसळून फळीवर पालथी घातली, रविवारी लेक-जावई कोयनानगरहून यायचे आहेत ना म्हणून विचारलं, व्हय म्हणाल्यावर नातवासाठी आणलेली राजगिऱ्याच्या लाडवांची पुडी त्याच्या हातात दिली आणि उसातल्या वाटेनं वाडीकडं निघाल्या. त्यांचा हात रिकामाच राहिला होता, दर वेळेसारखा.

लीलाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा बाळासो चड्डी सावरत फिरणारं पोर होतं. नवऱ्याचा गळा देवानं घडवलेला. गव्हर्मेंटच्या कालव्यावर चौकीदारी करून उरल्या वेळात तो कीर्तनं करायचा. वाईपासून जतपर्यंत जिथं म्हणून ख्रिस्ती वस्ती होती, तिथं त्याच्या कीर्तनाला माणसं बैलगाड्या जोडून यायची. मागं मृदंगाला हा धाकटा भाऊ. दोघांचं असं जमलेलं की पद कुठं वळणार हे मृदंगाला आधी कळायचं. लीलाबाई तेव्हा मिरजेला एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. रविवारी सुट्टी मिळाली की मागं उभं राहून झांज धरायच्या. नवरा अचानक गेला. पुढच्या सणाला देवळातल्या मंडळीला कीर्तन हवं होतं आणि उभं राहायला कुणी नव्हतं. तेव्हा बाळासोनंच मृदंग मांडीवर घेतला आणि म्हणाला, "वैनी, उभं ऱ्हावा. पदं तुमास्नी येत्यात, ताल मी सांभाळतो." त्या उभ्या राहिल्या, त्या अजून उभ्या होत्या. बाळासो मात्र मागं नव्हता.

त्याची लेक करुणा लहान असतानाच त्याची बायको वारली. पोरीला त्यानं एकट्यानं वाढवलं. तिनं लग्न ठरवलं ते नागसेनशी. नागसेनचं घर आणि बाळासोचं घर मुळात एकाच आळीतलं. आजोबांच्या पिढीत एकानं मिशनचा हात धरला, दुसऱ्याच्या घरानं छपन्न साली बुद्धाची वाट धरली. विहीर दोघांची तीच, वेशीबाहेरचं जगणंही तेच. पोरगा गुणी होता, वीजघरात नोकरीला होता. बाळासोनं आनंदानं होकार दिला आणि विहारात जाऊन पोरीच्या डोक्यावर फुलं टाकली.

मंडळीच्या पंचांना ते रुचलं नाही. त्यांनी बसून ठरवलं की बाळासोला एक वर्ष प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची ती भाकर आणि तो प्याला, द्यायचं नाही. वर्ष सरलं की त्यानं मंडळीपुढं उभं राहून परत येऊ का विचारायचं, मग त्याला घ्यायचं. रीत जुनी होती, पूर्वीही कुणाकुणाला लागू झालेली. घोटाळा झाला तो निराळाच. पंचांना वाटलं पाळकसाहेब त्याला कळवतील. तेव्हाच्या पाळकसाहेबांना वाटलं पंच कळवतील. दोघंही घाईत होते, सणाची गडबड होती. कुणीच कळवलं नाही.

त्या रविवारी बाळासो नेहमीसारखा पुरुषांच्या दुसऱ्या रांगेत बसला. वडील पंच आप्पासाहेब भाकरीचं ताट घेऊन रांगेतून आले. बाळासोनं दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं केले. ताट त्या हातांवरून पुढच्या माणसाकडं गेलं. बाळासोला वाटलं, चुकून राहिलं असेल, म्हणून त्यानं हात तसेच धरून ठेवले. प्याल्यांचं ताट आलं, तेही वरून गेलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या लीलाबाईंनी ते हात पाहिले होते. गीत संपेपर्यंत ते हात तसेच होते.

त्यानंतर वर्ष सरलं, आणखी कितीतरी सरली. पाळक बदलले. सगळे म्हणायचे, तो आला की घेऊच, दार उघडंच आहे. कुणाच्याही मनात आता राग नव्हता. आप्पासाहेबसुद्धा फाट्यावरून जाताना सायकलच्या दुकानाकडं बघायचे, थबकल्यासारखे व्हायचे आणि पुढं जायचे.

नवे पाळकसाहेब साताऱ्याचे, तरुण आणि उमेदीचे होते. त्यांनी लीलाबाईंना सांगितलं होतं की परत येणाऱ्यांचा सण आहे, तेव्हा उपदेशाऐवजी तुमचं कीर्तन ठेवू आणि आख्यान उधळ्या पुत्राचं घ्या. लीलाबाईंना ते आख्यान झोपेतसुद्धा आलं असतं. बाप वेशीकडं डोळे लावून बसलेला, पोरगा चिंध्यांत परत येतो, बाप धावत सुटतो. तिथं नवऱ्यानं रचलेलं एक पद होतं, त्यावर माणसं डोळे पुसायची. त्यांनी तेच धरलं होतं.

शनिवारी सकाळी त्या खालच्या आळीत एका बाळंतिणीकडं गेल्या. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून वाडीतल्या लेकरांना न्हाऊ-माखू घालायचं काम त्यांच्याकडंच असे. पाय पसरून पाटावर बसल्या, पायांवर बारा दिवसांचं पोर घेतलं आणि कोमट तेल चोळायला लागल्या. पोराची आजी शेजारी बसून सुनेच्या माहेराचं काहीबाही सांगत होती. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, आजी म्हणाली, पोराचा बाप आला वाटतं, आमचा हनमंतराव, आणि लीलाबाईंनी मान वळवली.

तेवढ्यात पोर हातातून सुटलं.

तेलानं निसरडं झालेलं, मुठीएवढं ते अंग पायांवरून घसरून फरशीकडं निघालं. लीलाबाईंच्या गुडघ्यांनी त्याला आधी अडवलं, मग हातांनी. काही झालं नाही. पोर रडलंसुद्धा नाही, जांभई देऊन पुन्हा डोळे मिटून पडलं. आजी हसली, "बरं गावलं बया, मासळीच हाय नुस्ती." पण लीलाबाई आपल्या हातांकडं बघत राहिल्या. वॉर्डातल्या एवढ्या वर्षांत शेकडो लेकरं या हातांतून गेली, एकही निसटलं नव्हतं. आणि आता सुटलं ते कशानं? माया कमी नव्हती, मन दुसरीकडं गेलं म्हणून.

त्यांनी पोराला छातीशी धरलं आणि तशाच बसून राहिल्या. आजीला वाटलं, बाईंना घेरी आली. लीलाबाईंच्या आत मात्र कुठूनतरी एक जुनं नाव वर येत होतं. नवऱ्यानं फार वर्षांपूर्वी कवठ्याला एकदाच लावलेलं आख्यान, पुन्हा कधी लावलं नाही, कारण लोकांना ते नाव म्हणायला जमत नाही असं तो म्हणायचा. मफीबोशेथ. राजाचा नातू, पाच वर्षांचा. आपल्याच दाईच्या हातून पडलेला.

आणि त्या नावापाठोपाठ फाट्यावरचा तो आवाज आला. पाय उचलत न्हाई बघा.

घरी जाऊन त्यांनी बायबल उघडलं. खिडकीशी बसून, चष्मा वर-खाली करत तो अध्याय वाचला. एकदा, मग आणखी एकदा. एका ओळीशी त्यांचं बोट थांबलं. ती ओळ त्यांनी याआधीही वाचली असणार. पण आज ती कुणीतरी शेजारी उभं राहून सांगितल्यासारखी वाटली. त्या उठून दारापर्यंत गेल्या, उगाच बाहेर बघून आल्या. अंगणात ऊन होतं आणि कोणी नव्हतं.

रविवारी देऊळ भरलं होतं. वेदीपुढं कापणीच्या भेटी मांडल्या होत्या. उसाच्या मोळ्या, शाळूची कणसं, हळदीचे गड्डे, वांग्यांचे ढीग, तासगावकडच्या कुणाची द्राक्षांची पेटी आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, ज्या गीत चालू झालं की आपलंही काही म्हणत होत्या. उपासना संपल्यावर या सगळ्याचा लिलाव व्हायचा. परतलेली माणसंही दिसत होती. लालासाहेबाला त्याच्या भावानं हाताला धरून आणून बसवलं होतं. पुरुषांच्या दुसऱ्या रांगेतली बाळासोची जागा मात्र रिकामी होती.

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं तशा त्या उठल्या. पदर कमरेला खोचला, चपला काढल्या, हातात झांज घेतली. पेटीवर मार्थाबाई होत्या. तबल्याला सांगलीहून एक जण बोलावला होता, तो हाताला पावडर लावत बसला होता. लीलाबाईंनी वंदन गायलं, मग उधळ्या पुत्राच्या पदाची पहिली ओळ उचलली. बाप वेशीकडं बघतोय इथवर आल्या आणि थांबल्या. पेटी एक आवर्तन नुसतीच वाजली, मग तीही थांबली.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "हे आख्यान मला आज गाता येत नाही. तो मुलगा आपल्या पायांनी गेला आणि आपल्या पायांनी आला. मला आज दुसऱ्या एका मुलाची गोष्ट सांगायला उभं केलंय."

पाळकसाहेबांनी चमकून वर पाहिलं. मंडळी सावरून बसली. लीलाबाईंनी सांगायला सुरुवात केली. शौल राजा लढाईत पडला, त्याचा पोरगा योनाथान पडला. राजवाड्यावर बातमी आली तेव्हा दाईच्या कडेवर योनाथानाचं पाच वर्षांचं लेकरू होतं. आता शत्रू येणार, लेकराला मारणार. दाई पळत सुटली. पायऱ्या उतरताना, अंधारात, घाईत लेकरू हातातून पडलं. दोन्ही पाय कायमचे गेले.

"मी आया आहे," लीलाबाई म्हणाल्या. "हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. काल सकाळी ह्या हातांतून एक लेकरू निसटता निसटता वाचलं. म्हणून सांगते. त्या लेकराला शत्रूनं पाडलं नाही. ज्यानं उचललं होतं, त्याच्याच हातून ते पडलं." आणि मग कुठून आलं त्यांना कळलं नाही, एक पद त्यांच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. ते त्यांच्या नवऱ्याचं नव्हतं. त्यांनी रचलेलंही नव्हतं, निदान तोपर्यंत तरी.

वैरी नव्हता कोणी तेथे, सुटली दाईचीच मिठी,
जन्माची पांगळी झाली पावले ती धाकुटी.

मार्थाबाईंनी सूर शोधून पाठीमागं धरला. तबलेवाला नुसता ऐकत राहिला. लीलाबाईंनी ओळ दोनदा, तीनदा फिरवून गायली. देवळात इतकी शांतता झाली की कोंबड्याही गप्प बसल्या.

मग त्या पुढं गेल्या. पुष्कळ वर्षं लोटली. योनाथानाचा जिवलग मित्र दावीद राजा झाला. एके दिवशी त्यानं विचारलं, योनाथानासाठी मी ज्याच्यावर दया करावी असं त्याच्या घराण्यातलं कुणी उरलंय का? नोकर म्हणाला, एक पोरगा आहे, पण दोन्ही पायांनी लंगडा. दूर लो-दबारात राहतो.

"आता राजानं काय करावं?" लीलाबाईंनी विचारलं. "तो म्हणू शकला असता, माझं दार उघडं आहे, येऊ दे त्याला. आपण तसंच म्हटलं असतं. आपण म्हणतोच. पण शास्त्रात काय लिहिलंय ते काल मी बोट ठेवून वाचलं. राजानं माणसं पाठवली आणि त्याला आणवलं. बोलावलं नाही हो. आणवलं. कुणाच्या तरी खांद्यावरून, कुणाच्या तरी पाठीवरून तो लंगडा राजाच्या ताटावर येऊन बसला." त्यांनी आवाज वर चढवला.

चालता येईना ज्याला, त्याला का हो बोलावणे?
राजा म्हणे सेवकांना, जा, उचलून आणणे.

दुसऱ्यांदा ओळ घेतली तेव्हा मागून कुणीतरी धरली. तिसऱ्यांदा सगळ्या देवळानं धरली. लीलाबाईंनी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं केली होती, पण ओळ आपल्या हातून सुटून मंडळीची झाली आणि मंडळीच्याही हातून सुटून वर कुठंतरी गेली असं त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. त्या गायच्या थांबल्या. त्यांच्यावाचून पद चालू राहिलं. त्यांना एवढं भय वाटलं की त्यांनी झांज खाली ठेवली.

पुरुषांच्या पहिल्या रांगेतून आप्पासाहेब उठले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत उभे राहिले, तसं गाणं हळूहळू विरलं.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "जो आजारी हाय, ज्याला चालवत न्हाई, त्याच्या घरी आपण प्रभुभोजन नेतो. ही रीत हाय ना आपली?"

पाळकसाहेब म्हणाले, आहे.

"मग फाट्यावर न्यायचं हाय."

पाळकसाहेबांनी अडखळत सांगितलं की त्याआधी पंचांची सभा व्हायला हवी, ठराव व्हायला हवा. आप्पासाहेबांनी मान वळवून एकदा सगळ्या मंडळीकडं पाहिलं. "समदी बसल्यात की हितं. ही सभाच झाली. कुनाची हरकत?"

हरकत घ्यायला कुणी उभं राहिलं नाही. उभे राहिले ते सगळेच. मागच्या बाकापासून पुढं, एक एक करून, बाकांचा आवाज करत. लालासाहेबसुद्धा भावाचा हात सोडून उभा राहिला. पाळकसाहेबांनी वेदीपाशी जाऊन डोळे मिटले. मग त्यांनी भाकर घेऊन उपकारस्तुती केली, ती मोडली आणि ताट आप्पासाहेबांच्या हाती दिलं.

वाडीपासून फाटा काही लांब नाही. पण ती वाट लीलाबाईंना जन्मभर पुरेल एवढी वाटली. दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाचं रान, मध्ये चाकोरी. पुढं पांढऱ्या रुमालानं झाकलेलं ताट घेऊन आप्पासाहेब. काठी त्यांनी देवळातच ठेवली होती, लोकांनी धरायला हात पुढं केले तर मान हलवायचे. मागं प्याल्यांचं ताट घेऊन पाळकसाहेब, आणि त्यांच्यामागं सणाचे कपडे घातलेली सगळी मंडळी, म्हातारी, लेकुरवाळी. कुणी गात नव्हतं. उसाच्या गाड्या हाकणाऱ्यांनी बैल बाजूला घेतले आणि काय चाललंय ते न कळून टोप्या काढल्या. लीलाबाईंच्या मनात आलं, आजवर मी कितीदा ह्याच वाटेनं गेले, आणि दर वेळी नुसता निरोप नेला.

बाळासो उकिडवा बसून एका दूधवाल्या मामांच्या सायकलचं मागलं चाक उतरवत होता. लिंबाखाली नागसेन पोराला खेळवत होता, करुणा खोक्यावर बसून शेंगा सोलत होती. आधी तिनं माणसं पाहिली आणि तिच्या हातातलं सूप कलंडलं. बाळासो उठला. पान्हा हातातच राहिला.

आप्पासाहेब त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"बाळासो," ते म्हणाले, "त्या दिवशी ताट म्या तुझ्यावरनं फुडं नेलं. आज म्याच आणलंय."

बाळासोनं ताटाकडं पाहिलं, मागं रस्ताभर उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. ते वंगणानं कोपरापर्यंत काळे होते. आता तो नको म्हणाला तर त्यात त्याचा काही दोष नव्हता, हे लीलाबाईंना कळत होतं. तेवढा हक्क त्याचा होता.

"हात काळं हायती," बाळासो शेवटी म्हणाला. "धुतो."

तो रांजणापाशी गेला. नागसेन पोराला करुणाकडं देऊन पुढं झाला आणि तांब्यानं सासऱ्याच्या हातांवर पाणी घालू लागला. बाळासोनं साबण लावला, बोटांच्या पेरांतून, नखांतून चोळला. पुन्हा लावला. जावई पुन्हा पाणी घालत राहिला. ज्या लग्नापायी हे सगळं झालं, त्या लग्नातला नवरदेव वाकून त्याच्या हातांवर पाणी घालतो आहे हे मंडळीतल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि कुणाची नजर वर होत नव्हती. पलूसहून आलेली एसटी रस्ता अडलेला पाहून थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला हात नेला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं इंजिन बंद केलं.

बाळासो परत आला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. आप्पासाहेबांनी रुमाल काढला. पण चालून चालून त्यांचे हात आता एवढे कापत होते की ताटातले तुकडे काठाकडं सरकायला लागले. बाळासोनं चटकन खालून ताटाला हात लावला. दोघांनी ते काही वेळ धरलं. मग आप्पासाहेबांच्या हातांतली ताकद संपली आणि ताट बाळासोच्या हाती राहिलं.

"आप्पा," बाळासो म्हणाला, "आदी तुमी."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्या म्हाताऱ्यानं, ज्यानं तीस वर्षं दुसऱ्यांना ताट दिलं होतं, आपले दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि एखाद्या पोरासारखी पुढं धरली. बाळासोनं तुकडा त्या ओंजळीत ठेवला. आप्पासाहेबांनी तो तोंडात घातला नाही. ताटातला दुसरा तुकडा उचलून त्यांनी बाळासोच्या हातावर ठेवला आणि मग दोघांनी एकदमच खाल्लं.

लीलाबाईंना हे सगळं पाण्याच्या पडद्याआडून दिसत होतं. त्यांना गुडघे टेकावेसे वाटले; रस्त्यावर खडी होती, तरी त्यांनी ते टेकले. मागच्या बायकाही टेकल्या. बाळासो ताट घेऊन रांगेतून फिरला, कुणालाही न वगळता, आणि त्याच्यामागून पाळकसाहेब प्याले देत आले. लीलाबाईंपाशी आला तेव्हा वाकून हळूच म्हणाला, "वैनी, गुडघं दुखत्याल, उठा." त्याच्या बोटांना साबणाचा वास येत होता.

मग पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. एसटी निघून गेली. करुणानं आप्पासाहेबांना खोक्यावर बसवून पाणी दिलं, ते पिऊन झाल्यावर नागसेननं त्यांना आपल्या मोटारसायकलवर मागं बसवलं आणि हळूहळू वाडीकडं नेलं. बाया करुणाच्या पोराला हातोहात फिरवायला लागल्या. लिलाव राहिला होता, कोंबड्या देवळात एकट्याच बसल्या असतील असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पाळकसाहेबांनी बाळासोला चल म्हटलं.

"येतो की. पर मामांचं दूध खोळंबलंय," बाळासो म्हणाला. "एवढं चाक बसवतो. तुमी व्हा म्होरं."

माणसं परत फिरली. करुणाही पोराला कडेवर घेऊन त्यांच्याबरोबर गेली. लीलाबाई मात्र थांबल्या. बाळासोनं सायकल उलटी केली, चाक मागच्या चिमट्यात बसवलं आणि वर न बघताच म्हणाला, "वैनी, जरा हितं धरा." त्यांनी सणाच्या लुगड्याचा पदर आवरला आणि दोन्ही हातांनी सायकल धरली. त्यानं नट आवळले, मग चाक फिरवून दिलं आणि एक डोळा मिटून ते सरळ फिरतंय का बघत राहिला. लीलाबाईही बघत राहिल्या. फिरत्या आऱ्यांमधून त्यांना उसाच्या रानातून वाडीकडं जाणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसत होती, आणि त्यांच्यामध्ये कुणाच्या तरी हातात उन्हानं चमकणारं रिकामं ताट.